भास्करच्या गाण्यातला ठोका

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या फोनवर भास्करचं नाव आलं आणि मी फोन उलटा करून ठेवला. नाशिकला इंदिरानगरात माझा लहानसा स्टुडिओ आहे, तिथे एका देवीच्या आरतीचं काम चाललं होतं. गाणारे गृहस्थ काचेपलीकडे उभे होते आणि त्यांचा सूर जिथे जिथे घसरला होता तिथे मी तो ओढून जागेवर आणत होतो. फोन पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला. भास्करला माझ्याकडून काय हवंय ते मला ठाऊक होतं आणि ते माझ्याकडे नाही हेही मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं तीन महिने चाललं होतं. आरती संपवली, चहा प्यायलो, गृहस्थांना पोचवायला जिन्यापर्यंत गेलो, आणि मग तासाभराने फोन लावला तर पलीकडे मंदावहिनी. भास्करचा फोन त्यांच्या हातात होता. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग जराही राग नसलेल्या आवाजात, "तुम्हाला आधी कळवावं म्हणून मघाशी लावत होते…"

सकाळी कामावर निघताना बूट घालायला खाली वाकला तो तसाच कलंडला. हृदयाचं दुखणं होतंच. वय बावन्न.

त्याला हरसूलला, गावी नेलं. नेमका आठवडे बाजाराचा दिवस होता. गाडी बाजारातून पुढे सरकेना, तेव्हा बायांनी आपापल्या टोपल्या उचलून वाट करून दिली. सुक्या मासळीच्या ढिगाशेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन व्हता?" दुसरा म्हणाला, "भास्कर. गाना म्हननारा." शहरात लोक त्याच्या नावामागे 'सुप्रसिद्ध' वगैरे लावायचे. इथे त्याची ओळख दोन शब्दांत संपली आणि ती जास्त खरी होती. मी गाडीच्या मागे चालत होतो. सगळे मला जवळचा म्हणून पुढे ढकलत होते आणि मी मागे मागे राहत होतो. लोकांना वाटलं, दुःखाने पाय उचलत नाहीत. पाय उचलत नव्हते हे खरं, पण लाजेने.

भास्कर गावित आणि मी आयटीआयला एका बाकावर बसायचो. तो हरसूलहून फिटरचा ट्रेड शिकायला आलेला. मी पंचवटीतल्या पूजा सांगणाऱ्या घरातला, बारावीत दोनदा आपटलेला. वडिलांनी शेवटी हात टेकले आणि माझी रवानगी तिकडे झाली. मला घरी तबला शिकवला होता. भजनाला साथ करावी एवढीच वडिलांची अपेक्षा. भास्करकडे देवळालीच्या एका बँडवाल्याकडून मिळवलेली, गंजक्या तारांची इलेक्ट्रिक गिटार होती, आणि जुन्या रेडिओचे अवयव जोडून त्याने स्वतःच ॲम्प्लिफायर केला होता. त्यातून येणारा आवाज इतका फाटका असे की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काहीतरी जळालंय म्हणून प्लग काढायला धावलो. तो हसून म्हणाला, "राहू दे रे, असाच हाय तो." त्या फाटक्या आवाजावर मी तबला सोडून ड्रम वाजवायला लागलो. विनय नावाचा तिसरा एक जण बेस वाजवायचा. तो पुढे कॅनडाला गेला, त्याला यात ओढत नाही.

प्रश्न होता वाजवायचं कुठे. आमच्या घरी शक्य नव्हतं, भास्करच्या भाड्याच्या खोलीतून दोनदा समज मिळाली होती. शेवटी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचा एक गाळा मिळाला. त्याच्या एका अंगाला पत्रा कापणारी पॉवर प्रेस चालायची आणि दुसरं अंग रिकामं पडलेलं. मालक म्हणाले, वाजवा हवं तेवढं, इथे तुमचं कुणाला ऐकूच येणार नाही. बोलल्याप्रमाणे खरंच झालं. आम्हालाच आमचं ऐकू येईना. पत्र्याची पट्टी सरकवायची, पायाने पायडल दाबायचं, वरून धाप्‌ करून डाय खाली यायची… पहिली पाळी सुटल्यावर आम्ही पोचायचो तेव्हा हे अखंड चाललेलं असे. थांबवा म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही तिच्यासोबत वाजवू लागलो. प्रेस चालवणारे रामदास, ज्यांना सगळी वसाहत मामा म्हणायची, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याच मशीनने नेली होती. त्या हाताने पट्टी सरकवताना त्यांना प्रत्येक वेळी किंचित उशीर होई, त्यामुळे ठोका घड्याळासारखा पडत नसे. जरासा मागे, कधी पुढे. त्या ठोक्याची वाट बघत वाजवायला मी शिकलो. मला ताल कुणी शिकवला असं कुणी विचारलं तर मी आजवर वडिलांच्या गुरुजींचं नाव घेत आलो. मामांचं नाव मी कधीच घेतलं नाही.

तिथे भास्करने 'दोन बोटं' हे गाणं केलं. शहरातली बाकीची पोरं तेव्हा परदेशी गाणी गिरवत होती आणि हा आपल्या बोलीत ओरडत होता, "दोन बोटं पत्र्याखाली, आठ बोटं कामाला…" मामा प्रेस चालवता चालवता ऐकायचे. एकदा म्हणाले, "मह्या बोटांचं गानं केलं व्हय रं? बोटं गेली तव्हा कुनी बघाया आलं नाय, आता गानं ऐकाया येतील." भास्कर त्यांच्याकडे बघून गाण्यातली एक ओळ तिथल्या तिथे बदलायचा आणि मामा खूश होऊन पायडल जोरात दाबायचे. कॉलेजांच्या कार्यक्रमांतून आम्ही ते गाणं वाजवलं तेव्हा समोरची अर्धी मंडळी उठून गेली आणि उरलेली खुर्च्यांवर चढली. एवढी दाद मला आयुष्यात परत मिळाली नाही.

मग मी त्याला सुधारायला घेतलं. ते 'सुधारणं' माझंच, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. मी ड्रम विकून रेकॉर्डिंगचं शिकलो, स्टुडिओ टाकला आणि भास्करला म्हणालो, हे असं ओरडणं लोकांना झेपत नाही. गिटारचा फाटका आवाज काढून टाकला, बासरी घातली, मागे मुलींचा कोरस घातला. काचेमागे बसून मी त्याला सांगायचो, 'नाय' नको, 'नाही' म्हण. 'पानी' नको, 'पाणी'. मी पंचवटीतला, शुद्ध बोलणारा, आणि तो बिचारा काचेपलीकडे मान डोलावत दहा दहा वेळा तोच शब्द म्हणायचा. आणि 'दोन बोटं'? कापलेल्या बोटांचं गाणं कोण विकत घेणार, म्हणून मी त्याचं 'दोन ओठ' केलं. चाल तीच, गाणं प्रेमाचं. ते चाललंसुद्धा. लग्नांच्या वरातीत वाजलं, एका मालिकेने घेतलं. भास्कर तेव्हा हसत म्हणाला होता, "मामाच्या बोटांचे ओठ झाले लेका." मीही हसलो. त्याचं हसणं आणि माझं हसणं एक नव्हतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

एवढं नाव होऊनही त्याने सातपूरची नोकरी सोडली नाही. लोक त्याला कौतुकाने साधा माणूस म्हणत. मला वाटतं, गाण्यात जे उरलं नव्हतं ते त्याला तिथे रोज ऐकू येत होतं.

गेल्या वर्षी तो हृदयाच्या दुखण्यातून उठला. डॉक्टरांनी जड उचलू नको, ओरडू नको असं बजावलं होतं. त्याने दोन्ही गोष्टी केल्या. माळ्यावरून स्वतःच तो जुना ॲम्प्लिफायर खाली काढला, आणि माझ्याकडून एक छोटा रेकॉर्डर मागून नेला. कशाला, ते सांगितलं नाही. दीड-दोन महिन्यांनी स्टुडिओत आला, खिशातून रुमाल काढला, रुमालातून नखाएवढं कार्ड. म्हणाला, "सात गाणी हायेत. मामाच्या गाळ्यात केली, मामा आन् मी. 'दोन बोटं' बी हाय, पहिलं होतं तसं. आवाज फक्त थोडा वर-खाली करून दे. बाकी हात लावू नकोस." मग म्हणाला, "हे एकच हाय. माझ्या फोनवर वगैरे घेतलं नाय मी, मला ते जमत नाय. तुझ्याकडं राहू दे."

तो गेल्यावर मी ऐकलं. आवाज फुटलेला, दोन ओळींमागे धाप लागलेली, गिटार सुरात नाही, आणि सगळ्यावर प्रेस. मला काय वाटलं ते लिहितो, कारण लिहायचंच असेल तर एवढं तरी खरं लिहावं. मला त्याची लाज वाटली. हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील भास्कर संपला, आणि ध्वनिमुद्रण म्हणून माझं नाव खाली असेल. वर मी स्वतःची अशी समजूत घातली की मित्राची अब्रू राखणं हे आपलं कामच आहे.

तीन दिवस राबलो. आता अशी सॉफ्टवेअरं आली आहेत की एकाच माइकवर मिसळलेले आवाज सुटे करता येतात. आधी मी प्रेसचा ठोका सरळ तालावर बसवायला गेलो, तो बसेना. मग तांदळातले खडे निवडावेत तसा एकेक ठोका वेचून काढून टाकला आणि जागी तयार ड्रमचे आवाज ठेवले. हाताने वाजवलेसुद्धा नाहीत. भास्करचा सूर ओढून सरळ केला, धापा कापल्या. 'नाय'चं 'नाही' तेवढं करता आलं नाही. काम झाल्यावर मूळ फायली पुसल्या आणि कार्डही रिकामं करून दुसऱ्या कामाला लावलं. काम पुरं झालं की मूळ टाकून द्यायचं ही माझी जुनी सवय. तिचा मला अभिमान होता, माझ्या स्टुडिओत पसारा नसतो.

आणि एवढ्यावर न थांबता मी त्याला न ऐकवता कार्यक्रम ठरवला. म्हटलं, आश्चर्याचा धक्का देऊ. इंदिरानगरातला एक लहान हॉल, साठ-सत्तर माणसं, हार, पेढे. भास्करने फक्त एकाला स्वतः बोलावलं होतं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. पहिलं गाणं लागलं. भास्कर पहिल्या खुर्चीत, मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, भारावला. 'दोन बोटं' सुरू झालं तेव्हा त्याने एकदाच मान वळवून मागे पाहिलं. मामा कान पुढे करून बसले होते, कुणी आपल्याला हाक मारेल म्हणून माणूस बसतो तसे. गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मामांनीही वाजवल्या. भास्कर उठला, हात जोडले, सगळ्यांचे आभार मानले, माझं नाव घेऊन मानले. शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

बाहेर मोटरसायकलपाशी त्याने मला एवढंच विचारलं, "अन्या, ह्यात मामा कुठं गेला?"

मी काहीतरी बोललो. तांत्रिक अडचण, ऐकणाऱ्यांचे कान, आजकालचे मोबाइल स्पीकर. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बरं. मूळचं हाय ना तुझ्याकडं?"

"आहे ना, जाणार कुठे," मी म्हणालो.

त्यानंतर तीन महिने. पहिल्या महिन्यात मी हार्ड डिस्क शोधतोय म्हणालो, दुसऱ्यात ती दुरुस्तीला दिली, तिसऱ्यात फोन घेणं कमी केलं. दरम्यान पुसलेल्या फायली परत मिळवून देणाऱ्या दोन दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या. वरातीमागून घोडं. तो कधी चिडला नाही. फोन करायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, आणि मग थांबायचा. त्या थांबण्यात मी खरं बोलावं एवढी जागा असायची… मी तिथे 'चल, ठेवतो' म्हणायचो.

शोकसभेत माझ्याच हातची ती गुळगुळीत गाणी लावली. एक वक्ते म्हणाले, भास्करचा शेवटचा आवाज अनिलरावांनी जपला, हे नाशिककरांवर उपकार आहेत. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत म्हणून वाचलो. मी मान तुकवली. नुसता गप्प बसलो नाही, चक्क तुकवली. भास्करवरच्या या पुरवणीसाठी लिहाल का असं वर्तमानपत्राने मला विचारलं तेही त्याच भाषणामुळे. त्या सभेला जे होते त्यांना सांगतो, ते खरं नाही. मी त्याचा आवाज जपला नाही. एकच होता, तो माझ्या हातून गेला.

तेरा दिवस झाल्यावर मंदावहिनींनी मला घरी बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, मला ते मशीनवालं द्या. तुम्ही केलेलं चांगलंच आहे, पण त्यात हे नाहीत. हे असे न खोकता, न थांबता कधी गात नव्हते. मला त्यांचा श्वास ऐकायचाय." त्यांच्यासमोर मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता उठा म्हणतील, आणि म्हणायलाच हवं होतं. त्यांनी विचारलं, "मामांना सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. तो माणूस माझ्या हिशेबातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सातपूरला गेलो. तीस वर्षांनी त्या गाळ्यात पाय ठेवला. आजूबाजूला सगळीकडे संगणकावरची मशीनं आली आहेत. मामांची प्रेस मात्र तीच. ते डबा उघडून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो, कार्ड, फायली, हॉल, फोन. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. मामांनी घास खाली ठेवला.

"म्हाईत हाय ना," ते म्हणाले. "भास्करनं सांगितलं व्हतं."

"कधी?"

"हॉलवर आलो व्हतो त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनला, मामा, आपलं पुसलं गेलं. म्या म्हनलं, अनिलभाऊ तसं म्हनले का? तर म्हनला, नाय, तो हाय म्हनला. पर लय पटकन म्हनला. खरंच असतं तर, थांब बघतो, म्हनला असता."

म्हणजे तीन महिने त्याला ठाऊक होतं. डिस्क दुरुस्तीला दिलीय हे मी सांगत होतो तेव्हाही. मी विचारलं, "मग तो मला फोन कशाला करत होता, मामा?"

"तुमी सांगावं म्हनून. म्हनायचा, गानी काय, आपन परत करू. पर अन्यानं तोंडानं सांगितलं पायजे. मनात ठिवून एकमेकासंगं वाजवता येत नाय म्हनं."

मला खाली बसावंसं वाटलं. बसायला जागा बघितली तर प्रेसच्या समोर जमिनीवर पिवळ्या रंगाचा एक मोठा चौकोन रंगवलेला दिसला. कारखान्यात नवं मशीन येणार असलं की आधी त्याची जागा अशी आखून ठेवतात, म्हणजे तिथे कुणी माल टाकत नाही. रेघा सरळ, कोपरे काटकोनात, फिटरच्या हातचे. गाळ्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे पत्र्याचे तुकडे आणि खोकी, आणि तेवढा चौकोन स्वच्छ झाडलेला.

"नवीन मशीन येतंय का?" मी विचारलं.

"मशीन कुठलं? तुमच्या डरमची जागा ती," मामा म्हणाले. "त्यानंच आखली. हॉलच्या नंतर आठ दिसांनी. वाळंस्तोर कुनाला पाय ठिवू दिला नाय."

मग त्यांनी डबा बंद केला, हात धुतले आणि उरलेल्या बोटांनी पट्टी सरकवली. सुट्टी संपली होती. त्यांनी मला चौकोनाकडे हात करून बसा म्हटलं. प्रेस सुरू झाली, ठोका जरासा मागे पडला, पुन्हा पडला. मी रेघेच्या बाहेरच उभा राहिलो.